बार्शी लाइट गेली, पण तिची गोष्ट कुणाकडे आहे?

माथेरानच्या मिनी ट्रेनचं रील तुम्ही या वर्षात किमान दहा वेळा तरी बघितलं असणार. धुकं, वळण, खिडकीतून बाहेर काढलेला हात आणि मागे एखादं जुनं हिंदी गाणं. मीही बघितलं, लाइक केलं आणि आजीला दाखवलं. तिने चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला आणि म्हणाली, “ही व्हय? अशीच होती की आमची मिरजेची बारकी गाडी. फकस्त डोंगर नव्हता.”

मी माधवनगरची. रेल्वे माझ्या घराच्या इतकी जवळ आहे की रात्री मालगाडी गेली नाही तर झोप लागत नाही. पुणे–मिरज मार्गाचं दुहेरीकरण, विजेची इंजिनं, फाटकाजवळची कामं हे सगळं बघत मोठी झाले. पण बारा-तेरा किलोमीटरवरच्या मिरजेत माथेरानसारखीच एक गाडी ऐंशी वर्षं धावत होती आणि ती बंद झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मास कॉमला तीन वर्षं घालवून, ‘लोकल स्टोरी शोधा’ हे वाक्य शंभर वेळा ऐकून, आपल्याच स्टेशनची स्टोरी मला आजीकडून कळली. थोडी लाज वाटली. मग वाचायला लागले.

आता या विषयाला एक तारीखही आहे. कुर्डुवाडी–पंढरपूरची नॅरोगेज मिरजेपर्यंत आली १९२७ मध्ये. म्हणजे २०२७ मध्ये तिला शंभर वर्षं होतील. शताब्दी जवळ आलीय आणि ज्या गाडीची शताब्दी, ती गाडीच नाही. मग साजरं काय करायचं?

अडीच फुटांवरचा प्रयोग

गोष्ट सुरू होते बार्शीतून. कापसाची मोठी पेठ, पण मुंबई–मद्रास रेल्वेमार्ग तिला टाळून गेलेला. सगळ्यात जवळचं स्टेशन होतं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. तिथपर्यंत माल बैलगाडीने न्यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर तेव्हा जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. त्याने हा प्रश्न हेरला आणि १८८७ मध्ये लहान रेल्वेचा प्रस्ताव मांडला. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. योगायोग असा की कॅलथ्रॉप वारला तोही १९२७ मध्येच.

‘लहान रेल्वे’ म्हटलं की आपल्याला बागेतली खेळण्यातली गाडी आठवते. कॅलथ्रॉपचं डोकं त्याच्या उलट चालत होतं. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचं १,६७६ आणि मीटरगेजचं नावाप्रमाणे १,०००. त्याचा मुद्दा असा की गेज लहान असला म्हणून रेल्वे कमकुवत असायलाच हवी असं नाही. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि इंजिन असो, डबा असो की वाघीण, सगळ्यांना हाच नियम. एकदा हे ठरलं की रूळ हलके चालतात, पूल स्वस्त होतात आणि तरीही भरपूर माल जातो, कारण भार आसांवर सारखा वाटलेला असतो. आधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूलेला चाचणीची लाइन टाकून त्याने हे दाखवलं आणि मग बार्शीत प्रत्यक्ष करून दाखवलं. ज्या काळात नवी कल्पना विलायतेत रुजायची आणि मग इकडे यायची, त्या काळात सोलापूर जिल्ह्यातलं हे काम जगभरच्या नॅरोगेजवाल्यांसाठी नमुना ठरलं. हीच विद्या घेऊन कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. म्हणजे बार्शी आधी, इंग्लंड नंतर!

आपल्या सांगली जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ही गाडी मिरजेहून आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, लंगरपेठ, ढालगाव, जत रोड करत सांगोल्याकडे आणि तिथून पंढरपूरला जायची. नकाशा बघा. हा सगळा पाण्यासाठी आभाळाकडे बघणारा पट्टा. इथल्या माणसांसाठी ही गाडी म्हणजे मिरजेचा दवाखाना, मिरजेचा बाजार आणि आषाढी-कार्तिकीला विठोबा. मिरज स्टेशनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही गेज नांदत होते. तीन मापांचे रूळ एकाच जंक्शनवर, म्हणजे एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरणं आलं आणि त्यावर पोट असलेले हमालही आले. कंपनीची ही रेल्वे सरकारने १९५४ मध्ये ताब्यात घेतली. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत ‘बार्शी लाइट’च राहिली.

गाडी जायलाच हवी होती का?

इथे मला सोपं वाटलं होतं. जुनं छान होतं, सरकारने मोडलं, हळहळ व्यक्त करा, लेख संपला. पण एप्रिल २०१६ आठवला आणि हळहळ अडकली.

मी तेव्हा शाळेत होते. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी निघालं. कोटाच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन काढलेल्या टँकर वाघिणी मिरजेत आल्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर. नंतर पन्नास वाघिणींची, म्हणजे २५ लाख लिटरची गाडी सुटायला लागली. जवळपास ३४० किलोमीटरचा हा प्रवास कुठून झाला? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. कॅलथ्रॉपने आणि त्याच्या कंपनीने आखलेल्या वाटेवरूनच, फक्त रूळ आता ब्रॉडगेजचे.

जरा हिशेब करू. मूळच्या पाच टनांच्या नियमाने चार आसांची नॅरोगेज वाघीण स्वतःच्या वजनासकट वीस टनांची. त्यात पाणी फार तर पंधरा टन. २५ लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन. म्हणजे ब्रॉडगेजची एक गाडी जेवढं पाणी नेते, त्यासाठी दीडशेपेक्षा जास्त छोट्या वाघिणी लागल्या असत्या. आणि कोटाहून आलेली एकही वाघीण त्या रुळांवर चढली नसती.

त्यामुळे ‘बार्शी लाइट परत आणा’ असं मी लिहिणार नाही. १९९२ पासून रेल्वेने देशभर एकच गेज करायचं धोरण घेतलं, त्यात हा मार्ग बदलला. लातूरच्या बाजूचं काम २००७-०८ मध्ये झालं आणि मिरज–पंढरपूरचं त्यानंतर लगेचच. त्यामुळे या पट्ट्यातल्या मुलांना मुंबईपर्यंत गाडी न बदलता जाण्याची वाट मिळाली. दुष्काळी गावांना ‘वारसा’ म्हणून ताशी वीस-पंचवीस किलोमीटरची गाडी वापरायला सांगायची आणि आपण वंदे भारतचं स्टेटस टाकायचं, हा काही न्याय नाही.

विदर्भातली शकुंतला आठवा. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या मार्गावर मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं. सोशल मीडियावर तिची ओळख ‘आजही ब्रिटिशांच्या मालकीची रेल्वे’ अशी फिरते. खरं तर किलिक निक्सन ही ब्रिटिशांनी काढलेली कंपनी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली होती. फॉरवर्ड करण्याआधी एवढं तपासायला हरकत नाही. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. शकुंतला बंद पडल्यावर तिथल्या लोकांनी जी मागणी लावून धरली ती म्युझियमची नव्हती. त्यांना गाडी हवी होती, स्वस्त आणि रोजची. आपल्याला जो वारसा दिसतो तो त्यांच्यासाठी तालुक्याला जायचा रस्ता आहे.

मग प्रश्न उरतो तो असा: गाडी बदलणं आणि गाडीची आठवण पुसणं, या दोन गोष्टी एकाच वेळी व्हायलाच हव्यात का?

कुणी काय जपलं?

आज महाराष्ट्रात प्रवासी घेऊन धावणारी नॅरोगेज उरली ती एकच, नेरळ–माथेरान. दोन फुटी रूळ आणि वीस-एकवीस किलोमीटरचा घाट. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून १९०७ मध्ये सुरू झालेली. तिच्या सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनांच्या रचनेतही कॅलथ्रॉपचाच हात होता. तीव्र वळणांवर आस थोडे सरकावेत अशी त्यांची खास बांधणी होती. म्हणजे आजी बोलली ते भावकीच्या नात्यानेही बरोबर निघालं. २०१९ च्या पावसाने हा मार्ग उखडला आणि नेरळहून गाडी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. पर्यटक, हॉटेलं, घोडेवाले, शाळेच्या सहली, इतके लोक मागे लागलेले असतानाही तीन वर्षं लागली. मग आरग-बेळंकीच्या गाडीसाठी कोण बोलणार होतं?

शेजारच्या गुजरातने थोडं वेगळं केलं. तिथे डभोईला भारतातली पहिली नॅरोगेज १८६२ मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीला ती चक्क बैल ओढायचे. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातमधले पाच नॅरोगेज मार्ग, मिळून सुमारे २०४ किलोमीटर, जपायचं ठरवलं. त्यातला बिलिमोरा–वाघई मार्ग २०२० च्या अखेरीस तोट्याच्या यादीत टाकून बंदही करायला निघाले होते. लोकांनी आवाज केला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. म्हणजे कागदावर ‘जपणार’ लिहिलं म्हणून काम संपत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. नागपुरात मोतीबाग इथे २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. पुण्यात भाऊ जोशी यांनी हौसेतून उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना बघायला मिळतंय. आणि कुर्डुवाडीत मूळ बार्शी लाइटचं वर्कशॉप आहे, जिथे माथेरानच्या गाडीच्या दुरुस्तीची कामंही झाली आहेत.

सरकारी पातळीवर सध्या जोर आहे तो ‘हायड्रोजन फॉर हेरिटेज’चा. जुन्या मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या ३५ गाड्या आणायच्या, एका गाडीचा अंदाजे खर्च ८० कोटी आणि एका मार्गाच्या जमिनीवरच्या सोयींसाठी ७० कोटी. यादीत माथेरानही आहे. धूर कमी होणार असेल तर विरोध करायचं कारण नाही. पण हेरिटेज या शब्दासाठी जेव्हा एका गाडीमागे ८० कोटींचा आकडा बोलला जातो, तेव्हा ज्या मार्गांवर आता गाडीच नाही, त्यांच्या नोंदी जपायला थोडे पैसे मागणं फार होतं का?

चौथऱ्यावरचं इंजिन आणि हातातलं कसब

आपल्याकडे रेल्वेचा वारसा जपणं म्हणजे बहुतेक वेळा एक इंजिन घासायचं, रंगवायचं, चौथऱ्यावर चढवायचं आणि रिबन कापायची. त्यापुढे सेल्फी. इंजिन भंगारात जाण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण वाफेचं इंजिन ही नुसती वस्तू नसते. गाडीच्या वेळेआधी काही तास कुणीतरी भट्टी पेटवायची. कोळसा किती आणि कुठे टाकायचा हे हातालाच कळायचं. चढ येण्याआधी वाफ तयार पाहिजे, चढावर आल्यावर घाई करून उपयोग नाही. पाणी जड असेल तर बॉयलरच्या नळ्यांना आतून चुन्याचा थर बसतो, आपल्याकडे तांब्याला बसतो तसाच. तो वेळच्या वेळी धुऊन काढला नाही तर वाफ कमी आणि धोका जास्त. चौथऱ्यावरच्या इंजिनात यातलं काहीच शिल्लक राहत नाही. ते माणसांत असतं.

बाहेर काही जणांनी हे वेळेत ओळखलं. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे दगडाच्या, म्हणजे छपराच्या पाटीच्या खाणीसाठी बांधलेली. ती बंद पडायच्या बेताला आली तेव्हा १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ती जगातली पहिली रेल्वे. तिकीट काढणारा शिक्षक, कोळसा टाकणारा बँकवाला, असा कारभार. माथेरानचं ७४० क्रमांकाचं इंजिनही अशाच हौशी लोकांच्या, इंग्लंडमधल्या लेटन बझर्डच्या नॅरोगेजकडे गेलं. आपलं इंजिन जपायला तिकडची माणसं निघाली, याचा अभिमान बाळगायचा की दुसरं काही, हे तुम्हीच ठरवा.

आणि कॅलथ्रॉपची लीक अँड मॅनिफोल्ड? ती तर तीसच वर्षं चालली, १९३४ मध्ये बंद झाली. पण तीन वर्षांनी तिच्याच वाटेवर चालायचा रस्ता झाला आणि आजही लोक तिथे चालतात, सायकली चालवतात. गाडी गेली, वाट राहिली. वाट राहिली म्हणून गोष्टही राहिली.

आपल्याकडे ऊसपट्ट्यातही हेच झालंय. वालचंदनगर, रावळगाव इथे एकेकाळी कारखान्यांच्या स्वतःच्या छोट्या रुळांवरून वाफेची इंजिनं ऊस ओढायची. आज उसाच्या ट्रॉलीमागे अडकून हॉर्न मारणाऱ्या आपल्याला हे कुणी सांगितलं होतं? अशा कारखान्यांच्या रेल्वेची सरकारी वेळापत्रकात नोंद नसते. माणसं गेली की ती पूर्ण गेली.

फोन आहे, आजी-आजोबा आहेत

साधं गणित करा. शकुंतलेचं वाफेचं इंजिन थांबलं १९९४ मध्ये. ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ मध्ये संपली. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन आज पंचावन्नच्या पुढे आहे आणि निवृत्तीला आलेला ड्रायव्हर नव्वदीकडे. मिरजेत, कुर्डुवाडीत, पंढरपुरात अशी माणसं आपल्या घराच्या कट्ट्यावर बसलेली आहेत. गँगमन, फाटकवाले, स्टेशनमास्तर, हमाल, आणि डोक्यावर पाटी घेऊन गाडीत भाजी विकायला जाणाऱ्या बायका. शेवटच्या दोघांची तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंद नसणार.

हे काम रेल्वे करणार नाही, तिच्याकडे गाड्या चालवायचं काम आहे. हे आपण करू शकतो. इतिहासवाल्यांना प्रोजेक्ट लागतो, मास कॉमवाल्यांना डॉक्युमेंटरी लागते, मेकॅनिकलवाल्यांना मॉडेल लागतं, मराठीवाल्यांना बोलीचा अभ्यास लागतो. दर वर्षी तेच विषय कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा एक स्टेशन घ्या. एका माणसाचं एक तासाचं रेकॉर्डिंग, घरातलं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट किंवा फोटो असेल तर त्याचं स्कॅन, आणि जुना रूळ कुठून जात होता याची नकाशावर खूण. सांगली, मिरज, पंढरपूर, बार्शी, लातूर, या प्रत्येक गावात कॉलेज आहे. मार्ग तयारच आहे, फक्त डबे जोडायचे आहेत. रेल्वेकडून मागायचंच असेल तर दोन गोष्टी मागू: मिरज जंक्शनवर तिन्ही गेजची माहिती सांगणारा एक नीट कोपरा, आणि कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधलं जुनं कसब नोंदवून ठेवायची परवानगी. दोन्हींसाठी ८० कोटी लागत नाहीत.

मी सुरुवात घरातूनच केली. आजीसमोर फोन ठेवला आणि म्हटलं, “सांग.” पहिली पाच मिनिटं ती फोनकडेच बघत होती. मग सुरू झाली. खिडकीत बसलं की कोळशाचा कण डोळ्यात जायचा. नव्या लुगड्याला ठिणगीने भोक पडलं आणि सासूने आठवडाभर ऐकवलं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी ढालगावला ती याच गाडीने गेली, आणि पोटात दुखायला लागलं तेव्हा डब्यातल्या अनोळखी बायकांनी तिला भोवती उभं राहून आडोसा केला. हे मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. बाबांनीही.

मी मध्येच स्टेशनांची नावं म्हणून दाखवली, पाठ केलेली होती. आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, लंगरपेठ...

“लंगरपेठ आधी,” ती म्हणाली. “ढालगाव मागनं. उतरायचं ठिकाण मी इसरीन व्हय?”

रेकॉर्डिंग छत्तीस मिनिटांचं झालंय. पुढच्या रविवारी मिरजेला जायचंय, तिच्या ओळखीचे एक निवृत्त गँगमन आहेत म्हणे. वय चौऱ्याऐंशी.